मेघगर्जना आणि घरचा कुत्रा



दिवसभराच्या उकाड्यानंतर आकाशाच्या एका कोपऱ्यांत काळे ढग जमूं लागले, म्हणजे देशावरच्या माणसाला वळवाच्या पावसाची चाहूल लागते. मुलें गारा वेंचण्याच्या आशेनें अंगणांत धांवतात, गृहिणी गच्चीवरचीं वाळवणें लगबगीनें आंत आणतात, आणि पहिल्या सरीबरोबर उठणाऱ्या मातीच्या वासानें सर्वांचीं मनें प्रसन्न होतात. परंतु पुष्कळ घरांत नेमक्या याच वेळीं एक प्राणी पलंगाखालीं शिरून थरथर कांपत असतो. ज्याच्या एका भुंकण्यानें अनोळखी माणूस फाटकाबाहेरच थबकतो, तोच कुत्रा ढग गडगडतांच अगदीं दीनवाणा होऊन जातो. घरांतील मंडळी प्रथम हंसतात, मग कींव करतात, आणि पाऊस ओसरला म्हणजे सर्व विसरून जातात. ही भीति कोणत्या स्वरूपाची आहे, ती कोठून येते, आणि आपण मनावर घेतलें तर ती कितपत घालवितां येते, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण तो तसा नाहीं. भीतीनें भान हरपलेला कुत्रा बंद दार कुरतडतांना स्वतःचे दांत मोडून घेतो, नखें रक्तबंबाळ करून घेतो. उंच इमारतीच्या सज्जाचें दार उघडें राहिलें तर कठड्यावरून खालीं उडी घेण्यासहि तो मागेंपुढें पाहत नाहीं. साखळी तोडून पळालेला कुत्रा भर पावसांत रस्ता चुकतो आणि वाहनाखालीं सांपडतो. ही पीडा विरळहि नाहीं. फिनलंडमध्यें सुमारें १३,७०० कुत्र्यांची माहिती गोळा करून २०२० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत शेंकडा ३२ कुत्र्यांना मोठ्या आवाजांचें भय असल्याचें आढळलें, आणि कुत्र्यांच्या भयविकारांत हाच प्रकार सर्वांत अधिक दिसला. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत वादळाला भिणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्याच घरीं वादळाचें ध्वनिमुद्रण ऐकविलें आणि त्यांच्या लाळेंतील कॉर्टिसोल या द्रव्याचें प्रमाण मोजलें. संकटकाळीं शरीरांत वाढणारें हें द्रव्य सरासरीनें शेंकडा दोनशेंहून अधिक वाढलें, आणि चाळीस मिनिटांनंतरहि तें पूर्वस्थितीवर आलें नाहीं. म्हणजे आपल्या लेखीं वादळ संपून चहाचीं भांडीं वाजूं लागलेलीं असतात, तेव्हांहि त्या मुक्या जिवाच्या अंगांत तें चालूंच असतें. याच प्रयोगांत असेंहि दिसलें कीं, ज्या घरीं एकाहून अधिक कुत्रे होते तेथील कुत्रा लवकर सांवरला.

भीति ओळखावी कशी, हा पहिला प्रश्न. कांपणें, दडणें, शेपूट पोटाशीं घेणें हीं लक्षणें कोणालाहि कळतात. परंतु भीति त्याच्याहि आधीं बोलूं लागते. उष्मा नसतां धापा टाकणें, झोंप आलेली नसतां वारंवार जांभया देणें, ओंठ चाटीत राहणें, कान मागें पाडणें, एका खोलींतून दुसऱ्या खोलींत विनाकारण येरझारा घालणें, धन्याच्या पायांत घोटाळणें, आणि एरवी झडप घालून खाल्ला असता असा आवडीचा घांस नाकारणें, या खुणा घरांतील प्रत्येकानें ओळखावयास शिकलें पाहिजे. शेवटची खूण विशेष महत्त्वाची. खादाड कुत्र्यानें खाणें नाकारलें, तर त्याचें भय बरेंच वर चढलें आहे असें समजावें.

आतां कारणांकडे वळूं. वीज आकाशांतून जाते तेव्हां तिच्या मार्गांतील हवा एका क्षणांत सुमारें ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, स्फोट व्हावा तशी फांकते, आणि तोच धक्का गडगडाटाच्या रूपानें आपल्या कानीं येतो. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. म्हणून चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद लागले तर वीज सुमारें एक किलोमीटर अंतरावर आहे, हा हिशेब शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतो. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचे ध्वनि ऐकूं येतात. कुत्र्याला सुमारें ६५ पासून ४५,००० पर्यंत. याचा अर्थ असा कीं, ढगांचा अगदीं खोल घुमारा कुत्र्याला आपल्यापेक्षां अधिक ऐकूं येतो, ही समजूत बरोबर नाहीं. उंच स्वरांच्या बाबतींत मात्र त्याचा कान आपल्याहून फार तीक्ष्ण आहे, आणि जवळच्या विजेचा कडाका अशा स्वरांनीं भरलेला असतो.

पण केवळ आवाजाच्या मोठेपणानें सर्व उलगडा होत नाहीं. कुत्रा पुष्कळदां गडगडाट होण्यापूर्वींच अस्वस्थ होतो, आणि घरचे लोक म्हणतात, याला पाऊस आधीं कळतो. त्यांत दैवी कांहीं नाहीं. वादळ कधीं एकटें येत नाहीं. आधीं वारा पडतो, मग एकाएकीं सुटतो, उजेड मंदावतो, हवेचा दाब उतरतो, दूरच्या पावसानें भिजलेल्या मातीचा वास येतो, खिडक्या आपटूं लागतात आणि घरांतील माणसें धांवपळ करूं लागतात. यांपैकीं बऱ्याचशा गोष्टी कुत्र्याच्या नाकाकानांना आपल्याआधीं कळतात. एकदां मोठ्या भयाचा अनुभव आला म्हणजे त्या भयाशीं लागून असलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या मनांत भयाची दूती होऊन बसते.

हें मनांत गोष्टी जोडल्या जाण्याचें शास्त्र ज्यानें कुत्र्यांवरच प्रयोग करून उभारलें, त्या पावलॉव या रशियन पंडिताच्या प्रयोगशाळेंत घडलेली एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. पावलॉवला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, आणि घंटेसारख्या खुणेबरोबर अन्न देत गेल्यास पुढें नुसत्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हा त्याचा शोध जगभर गाजला होता. १९२४ सालच्या २३ सप्टेंबरला नेवा नदीला महापूर आला आणि लेनिनग्राड शहर, म्हणजे आजचें सेंट पीटर्सबर्ग, जलमय झालें. प्रयोगशाळेंतील कुत्रे पिंजऱ्यांत अडकले, पाणी चढत गेलें, आणि सेवकांनीं मोठ्या कष्टानें त्यांना पोहवीत सुरक्षित जागीं नेलें. जीव वांचले, पण पुढें प्रयोग सुरू केल्यावर असें दिसलें कीं, कांहीं कुत्रे शिकलेलें सारें जणूं विसरून गेले होते. एक कुत्रा तर पुढें ठेवलेलें अन्नहि घेईना. दीर्घ काळानें तो सांवरला. तेव्हां परीक्षा म्हणून खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीकशी धार आंत सोडली, आणि तेवढ्यानेंच त्याची सर्व भीति पुनः जागी झाली. पुराचा लोंढा नव्हे, नुसती एक धार! वळवाच्या पहिल्या झुळुकीला दचकणाऱ्या आपल्या घरच्या कुत्र्याचा उलगडा यांत आहे. या हकीकतींतील आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हा कुत्रा एकटा असतांना भ्रमिष्टासारखा वागे; परंतु त्याच्या ओळखीचा प्रयोगकर्ता त्याच्याजवळ खोलींत बसूं लागतांच त्याचें खाणें आणि शिकलेले धडे परत येऊं लागले. सोबतीचें औषध किती गुणकारी आहे याचा हा पुरावा आपणांस पुढें उपयोगी पडेल.

सर्वच कुत्रे असे भीत नाहींत, याचींहि कारणें आहेत. कांहीं अंशीं हा स्वभाव वंशपरंपरेनें येतो. कांहीं अंशीं तो पिल्लूपणांत घडतो. जन्मल्यापासून तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच्या काळांत पिलाला जे आवाज, जी माणसें, ज्या वस्तु सुखानें परिचित होतात, त्यांचें भय त्याला पुढें सहसा वाटत नाहीं. कुकरची शिटी, मिक्सरची घरघर, रस्त्यावरचा ढोल हे सर्व त्या वयांत दुरून व सौम्यपणें कानीं पडलेले बरे.

तिसरें कारण मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. जो कुत्रा सात-आठ वर्षें निर्धास्त होता तो एखाद्या मोसमांत अकस्मात् विजेला भिऊं लागला, तर आधीं त्याच्या सांध्यांकडे पाहावें. इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं २०१८ सालीं आवाजाला भिणाऱ्या वीस कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्यांना स्नायूंचें किंवा सांध्यांचें दुखणें होतें, आणि अशा कुत्र्यांत आवाजाची भीति उतारवयांत सुरू झालेली दिसली. दचकून अंग आखडलें कीं दुखरा सांधा कळवळतो, आणि ती कळ आवाजाच्या नांवावर जमा होते. अशा कुत्र्याला धीर देऊन भागणार नाहीं. आधीं पशुवैद्याकडून त्याच्या दुखण्यावर उपाय झाला पाहिजे.

उपायांपूर्वीं अपाय सांगितले पाहिजेत. कारण चुकीचा उपाय हा नुसता निरुपयोगी नसतो, तो रोग वाढवितो. पहिला अपाय शिक्षेचा. कुत्र्यानें दार ओरबाडलें, चटईवर घाण केली, म्हणून त्याला मारणें किंवा त्याच्यावर खेंकसणें म्हणजे एका भयावर दुसरें चढविणें होय. गणिताच्या तासाला ज्या मुलाचे हात थरथरतात त्याला छडी दाखविल्यानें गणित येत नाहीं. गणिताबरोबर मास्तरांचीहि दहशत बसते, एवढेंच होतें. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्या माणसाला हें कोणीं निराळें सांगावयास नको. कुत्र्याच्या बाबतींत तर मेघगर्जना झाली कीं धनीहि चवताळतो, असा दुहेरी धडा तो शिकतो.

दुसरा अपाय बळजबरीचा. "एकदां भीति मोडली पाहिजे" असें म्हणून त्याला गच्चीवर किंवा अंगणांत बांधून ठेवणारे लोक असतात. असा कुत्रा कांहीं वेळानें निपचित पडला तर ती निर्भयता नव्हे. सुटकेचा मार्ग नाहीं हें ओळखून त्यानें आशा सोडलेली असते. शिवाय झाडाखालीं किंवा लोखंडी साखळीनें उघड्यावर बांधलेल्या जनावराला विजेचा प्रत्यक्ष धोका असतोच.

तिसरी चूक मोठ्या शहाणपणाच्या वेषांत येते. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेऊं नये, कुरवाळूं नये, नाहीं तर तो आणखी भित्रा होतो, असा उपदेश कित्येक वर्षें केला जात असे. तो बरोबर नाहीं. बक्षिसानें कृति वाढते. भीति ही कृति नव्हे, ती भावना आहे, आणि मायेनें जवळ घेतल्यानें कोणाचें भय वाढत नाहीं. कुत्रा आपण होऊन मांडीशीं आला तर त्याला खुशाल येऊं द्यावें, हळूहळू हात फिरवावा, नेहमींच्या स्वरांत दोन शब्द बोलावे. मात्र आपण स्वतः घाबरें होऊन "अरे बाबा, काय झालें, काय झालें" असा गिल्ला करूं नये, आणि जो न्हाणीघराच्या कोपऱ्यांत जाऊन बसला असेल त्याला ओढून बाहेर काढूं नये. त्याला जेथें सुरक्षित वाटतें ती जागा त्याची.

आतां प्रत्यक्ष वादळाच्या संध्याकाळीं काय करावें तें पाहूं. ढग दिसूं लागतांच, गडगडाट सुरू होण्यापूर्वीं, त्याला थोडें फिरवून आणावें, म्हणजे देहधर्म उरकतात आणि अंगहि जरा थकतें. मग सज्जाचीं व जिन्याचीं दारें आणि फाटकाची कडी नीट लागली आहे कीं नाहीं हें घरांतील एका जाणत्या माणसानें स्वतः पाहावें. गळपट्ट्यावर दूरध्वनीचा क्रमांक असलेली पट्टी बारा महिने असावी. पळालेला कुत्रा सांपडण्याचें तें सर्वांत स्वस्त साधन आहे.

घराच्या मधल्या भागांत, जेथें खिडक्या कमी आहेत अशा ठिकाणीं, त्याची गुहा करावी. टेबलावर जाड चादर तिन्ही बाजूंनीं सोडली आणि खालीं त्याची नेहमींची गोधडी घातली तरी काम भागतें. चादरीची चौथी बाजू उघडी असावी. आश्रयाचा कोंडवाडा होतां कामा नये. खिडक्यांचे पडदे ओढून घरांतील दिवे लावावे, म्हणजे विजेची चमक फिकी पडते. पंखा चालूं ठेवावा आणि रेडिओ मध्यम आवाजांत लावावा. सततच्या एकसारख्या आवाजांत दूरचे गडगडाट बरेचसे बुडून जातात. रेडिओ इतका मोठा मात्र नसावा कीं त्याचाच त्रास व्हावा. अंगाला घट्ट बसणारीं वस्त्रें बाजारांत मिळतात. कांहीं कुत्र्यांना त्यांनीं बरें वाटतें, कांहींना मुळींच नाहीं. वापरावयाचें असेल तर निरभ्र दिवशीं घालून त्याची आधीं सवय करावी, आणि उकाड्यांत धापा टाकणाऱ्या कुत्र्याला तें घालूं नये.

याबरोबरच एक अगदीं साधा उपाय आहे. प्रत्येक गडगडाट झाला, कीं लगेच त्याच्यापुढें आवडीचा एक लहानसा घांस टाकावा. उकडलेल्या कोंबडीचा, अंड्याचा किंवा पनीराचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा पुरे. कुत्रा खात नसून खेळत असेल तर चेंडू टाकावा. कुत्रा भ्यालेला दिसला काय आणि न दिसला काय, गडगडाटामागून घांस हा नियम मोडूं नये. स्वित्झर्लंडांतील बर्न विद्यापीठानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना फटाक्यांच्या भीतीवर कोणता उपाय लागू पडला असें विचारलें, तेव्हां हा उपाय केलेल्यांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक लोकांनीं गुण आल्याचें सांगितलें. देतांना एवढें पाहावें कीं, चॉकलेट, द्राक्षें, मनुका व बेदाणे हे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. प्रसादाची वाटी हाताशीं असली तरी त्यांतला बेदाणा त्याला देऊं नये.

वरील सर्व उपाय वादळ निभावून नेण्याचे झाले. भीतीचें मूळ काढावयाचें तर तें वादळ नसतांना काढावें लागतें, आणि आपल्याकडचें ऋतुमान यास फार अनुकूल आहे. महाराष्ट्रांत विजांचा मुख्य जोर उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या आगमनाच्या सुमारास, आणि पुढें परतीच्या पावसांत असतो. ऐन आषाढ-श्रावणांत पाऊस पुष्कळ पडला तरी गडगडाट त्या मानानें थोडा. कार्तिकांत तुळशीचीं लग्नें आटोपलीं, दिवाळीचे उरलेसुरले फटाके वाजून संपले, म्हणजे तेथपासून माघापर्यंतचे तीन महिने बहुधा शांततेचे असतात. कुत्र्याची शाळा भरवावयाची ती या दिवसांत.

या शाळेची पद्धति मुळांत मुलांच्या भीतीवरून निघाली आहे. पावलॉवच्या कुत्र्यांवर पूर ओढवला त्याच १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें पीटर नांवाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा पांढऱ्या सशाला भीत असे. तो आवडीचें खाणें खात असतांना ससा खोलीच्या दूरच्या टोंकास आणून ठेवावा, आणि मूल अस्वस्थ होणार नाहीं अशा बेतानें तो दिवसानुदिवस जवळ आणावा, असा क्रम तिनें ठेवला. अखेर तो मुलगा सशाला कुरवाळूं लागला. भय आणि तृप्ति या दोन भावना एका मनांत एकाच वेळीं पूर्ण जोरानें राहूं शकत नाहींत. भय अगदीं थोडें आणि तृप्ति पुष्कळ असेल तर तृप्तीचा जय होतो. सारें रहस्य मात्रेंत आहे.

कुत्र्यासाठीं ही रीत अशी योजावी. पहिले आठ-दहा दिवस आवाजाचें नांवहि काढूं नये. एक चटई ठरवावी, तिच्यावर तो स्वस्थ पडला कीं घांस द्यावा, आणि चटई म्हणजे निवांतपणा हें त्याच्या मनांत ठसवावें. नंतर मेघगर्जनेचें ध्वनिमुद्रण घ्यावें. तें दूरध्वनीच्या चिमुकल्या यंत्रावर वाजवूं नये, कारण त्यांत ढगांचा घुमारा उतरत नाहीं. जरा मोठा ध्वनिवर्धक असावा. आवाज आरंभीं इतका मंद ठेवावा कीं कुत्र्यानें फार तर एक कान टवकारावा आणि पुनः मान खालीं टाकावी. गडगडाट ऐकूं आला कीं घांस; आवाज थांबला कीं घांस बंद. पांच ते दहा मिनिटांत धडा संपवावा. तीन-चार दिवस तो त्या आवाजावर अगदीं सुखानें राहिला, किंबहुना आवाज होतांच घांसाच्या आशेनें आपल्याकडे पाहूं लागला, तरच आवाज केंसभर वाढवावा. जांभई, ओंठ चाटणें, धाप यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी आपण घाई केली असें समजून दोन पायऱ्या खालीं यावें. पुढें खोली बदलावी, वेळ बदलावी, निरनिराळीं ध्वनिमुद्रणें घ्यावीं. नाहीं तर तो अमुक खोलींतल्या अमुक आवाजापुरताच धीट होतो.

यांत क्रम फार महत्त्वाचा आहे. आधीं आवाज, मग घांस. याच्या उलट कधीं करूं नये. आधीं घांस देऊन मागून आवाज केला तर खाणें हीच संकटाची सूचना ठरते, आणि कुत्रा अन्नालाहि बिचकूं लागतो. पावलॉवच्या प्रयोगांत खूण आधीं आणि अन्न मागून येत असे, तें याच कारणासाठीं.

या पद्धतीची मर्यादाहि सांगितली पाहिजे. ध्वनिमुद्रणांत वारा नसतो, अंधार नसतो, मातीचा वास नसतो. म्हणून हिंवाळ्यांत पहिल्या नंबरानें उतरलेला कुत्रा वैशाखांतील पहिल्या वळवाला थोडाफार दचकणारच. बर्नच्या पाहणींत ध्वनिमुद्रणाचा सराव केलेल्यांपैकीं शेंकडा पंचावन्नांनींच गुण आल्याचें सांगितलें, तें बहुधा यामुळेंच. निराश न होतां खऱ्या वादळांत गुहा, पडदे आणि घांस यांचा क्रम चालूं ठेवावा. दोन-तीन मोसमांत फरक दिसतो. कांहीं कुत्र्यांची भीति पूर्ण जात नाहीं, पण जो पूर्वीं दार फोडीत असे तो आतां चादरीखालीं धापा टाकीत बसून राहतो, ही प्रगतीहि थोडी नव्हे.

ज्या कुत्र्याचें भय इतकें तीव्र आहे कीं तो स्वतःला इजा करून घेतो, वादळ संपल्यावरहि कित्येक तास जेवत नाहीं, किंवा ढग पाहूनच बेभान होतो, त्याच्यासाठीं पशुवैद्याकडे जाण्यास संकोच करूं नये. वरची शाळाहि अशा कुत्र्याला औषधाच्या आधारावांचून जमत नाहीं. भयानें भरलेल्या मनांत शिक्षण शिरत नाहीं. आज या विकारावर चांगलीं औषधें उपलब्ध आहेत. डेक्समेडेटोमिडीन नांवाचें, गाल व हिरडी यांच्यामध्यें लावावयाचें एक औषध २०१५ च्या सुमारास युरोप व अमेरिकेंत खास कुत्र्यांच्या ध्वनिभयासाठीं मान्य झालें आहे, इतरहि आहेत. कोणतें, किती व केव्हां, हें पशुवैद्यानें ठरवावयाचें. बहुतेक औषधें भीति चढण्यापूर्वीं दिलीं तरच लागू पडतात, म्हणून तीं मोसमाच्या आधींच विचारून ठेवावीं. एके काळीं अशा कुत्र्यांना ॲसेप्रोमाझीन हें औषध एकटेंच सर्रास देत असत. त्यानें शरीर ढिलें पडतें, पण मनांतील भय तसेंच राहतें. दिसतांना कुत्रा शांत दिसतो, आणि आंतून तो तितकाच भ्यालेला असतो. तें सुचविलें गेलें तर दुसरें कांहीं देतां येईल काय, असें अवश्य विचारावें. आपल्या कपाटांतील झोंपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या मात्र कधींहि देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारखी माणसाला सोसणारी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेततें.

दिवाळीच्या फटाक्यांसाठीं हेच सर्व उपाय लागू आहेत. एवढेंच कीं, पावसाची तिथि कोणाला ठाऊक नसते आणि दिवाळीची पंचांगांत छापलेली असते, तेव्हां तयारी न करण्यास सबब उरत नाहीं.

शेवटीं, ज्यांना घर नाहीं अशा कुत्र्यांविषयीं एक शब्द. विजा कडाडूं लागल्या कीं रस्त्यावरचीं बेवारशी कुत्रीं इमारतींच्या जिन्यांत, वाहनांखालीं, दुकानांच्या फळ्यांआड शिरतात. त्या अर्ध्या तासापुरतें त्यांना तेथें बसूं द्यावें. वाहन सुरू करण्यापूर्वीं खालीं एकवार डोकावून पाहावें. लहान मुलांना त्यांच्याजवळ जाऊं देऊं नये, कारण कोंडीत सांपडलेलें भ्यालेलें जनावर चावण्याचा संभव असतो. पण त्यांना काठीनें हुसकावून पावसांत घालविण्याचेंहि कारण नाहीं. पाऊस थांबला कीं तीं आपल्या वाटेनें निघून जातात.

यंदाच्या वळवाला अवकाश असेल तर आजच घरांतील टेबलाखालची जागा मोकळी करावी, गोधडी घालावी, आणि निरभ्र आकाशाखालींच आपल्या कुत्र्याला ती जागा आवडूं लागेल असें करावें. तेथें त्याला रोज एखादा घांस मिळत गेला, तर पहिला ढग येईपर्यंत त्याला जाण्यासाठीं एक ओळखीचें ठिकाण तयार झालेलें असेल.